खान्देशात घरच्या शेडमध्ये धातूचं विमान कसं बांधायचं

अॅल्युमिनियमचं विमान घरी बांधता येतं. अमेरिकेत रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांनी १९७३ मध्ये व्हॅन्स एअरक्राफ्ट सुरू केली आणि तिच्या ‘आरव्ही’ किटमधून, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून, लोकांनी बांधलेली दहा हजारांवर विमानं आजवर उडाली आहेत. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि २०२० मध्ये ते उडालं. उडालं कुठे? आपल्या धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर!

इथे लिहितोय ते दोन आसनी, किटमधून बांधायच्या विमानाबद्दल. परदेशी मार्गदर्शकांमध्ये थंडीत गॅरेज गरम कसं ठेवायचं यावर पानंच्या पानं असतात. आपल्याला मे महिन्यातलं जळगाव-भुसावळचं ऊन, काळ्या मातीची धूळ आणि पावसाळ्यातली ओल सांभाळायची आहे. कामाचा क्रम किटबरोबरचं पुस्तक सांगेल, पण कोणतं काम कोणत्या महिन्यात करायचं हे इथल्या हवेला विचारूनच ठरवावं लागतं.

पैसे भरण्याआधी

पहिलं पत्र डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, किटची ऑर्डर नंतर. भारतीय वायुयान अधिनियम २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि १९३४ चा जुना कायदा गेला. त्यामुळे जुन्या चर्चांमधली माहिती जशीच्या तशी धरू नका. ‘निम्म्याहून जास्त काम स्वतः केलं पाहिजे’ हा सगळीकडे वाचायला मिळणारा ५१ टक्क्यांचा नियम अमेरिकेचा आहे. आपल्या विमानाला ‘व्हीटी’ने सुरू होणारी नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी कोणत्या अटींवर मिळेल, तपासणी कोणत्या टप्प्यावर होईल, हे लेखी विचारून घ्या. यादव यांचं विमान लोकांनी पाहिलं २०१६ मध्ये आणि उडालं २०२० मध्ये. कागदांसाठी किती वेळ हाताशी ठेवायचा याचा अंदाज त्यावरून बांधता येईल.

पहिल्या दिवसापासून कामाची वही ठेवा. तारीख, कोणता भाग, काय केलं, फोटो. फोटोत तुम्ही स्वतः काम करताना दिसला पाहिजेत. पत्रा बंद झाल्यावर आत काय आहे हे तपासनिसाला दिसत नाही. तेव्हा हेच फोटो दाखवायचे असतात. प्रत्येक शीट आणि बोल्टसोबत आलेलं प्रमाणपत्र त्याच फाइलला लावा.

धावपट्टीचीही चौकशी आत्ताच करा. खान्देशात गोंदूर, शिरपूर आणि जळगावची कुसुंबा अशा तीन धावपट्ट्या आहेत आणि तिन्ही ठिकाणी वैमानिक प्रशिक्षणाशी संबंध येतो. हँगरमध्ये जागा मिळेल का, चाचणीसाठी वेळ मिळेल का, हे पंख तयार झाल्यावर विचारायला गेलात तर फार उशीर झालेला असेल.

कोणतं किट

धातूच्या किटमध्ये ढोबळमानाने दोन पंथ आहेत. झेनिथ आणि सोनेक्स या कंपन्यांची विमानं ६०६१-टी६ या मिश्रधातूची असतात आणि त्यांचे पत्रे जोडायला पुल रिव्हेट लागतात, म्हणजे एका बाजूने ओढून बसणारे धातूचे खिळे. एकट्याला हे काम जमतं. व्हॅन्सची बहुतेक मॉडेलं २०२४-टी३ ची, भरीव रिव्हेटची. त्यांना एका बाजूने ठोकणारी गन आणि दुसऱ्या बाजूने आधार देणारा लोखंडी ठोकळा, म्हणजे बार, लागतो, म्हणजे बहुतेक ठिकाणी दोन माणसं. याच कंपनीचं आरव्ही-१२ मात्र मुख्यतः पुल रिव्हेटवर बांधलं जातं. घरात दुसरं खात्रीचं माणूस नसेल तर पुल रिव्हेटचं किट घ्या, त्यात कमीपणा काही नाही. माझा ओढा भरीव रिव्हेटकडे आहे. तो हलका आणि मजबूत असतो, आणि चुकला तर दिसतो.

भोकं कारखान्यातच संगणकावर पाडून आलेलं किट घ्या. त्यात भोकाला भोक जुळलं की भाग आपोआप सरळ बसतो. नुसत्या नकाशांवरून बांधायचं तर आधी जिग, म्हणजे भाग काटकोनात धरून ठेवणारा सांगाडा, बनवावा लागतो. पहिल्या विमानाला तो रस्ता धरू नये.

आणि भांड्यांच्या किंवा पत्र्याच्या दुकानातलं अॅल्युमिनियम विमानाला लावू नका. ते मऊ असतं, वाकवायला सोपं असतं, म्हणून फसवतं. २०२४-टी३ या मिश्रधातूत तांबं असतं. त्याने ताकद येते, पण गंजही लवकर धरतो. म्हणून त्याच्या शीटच्या दोन्ही अंगांना शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो. हा थर ओरखड्याने फाटू द्यायचा नाही, इतकं मनाशी पक्कं केलं की अर्ध्या सवयी आपोआप लागतात. खुणा शिसपेन्सिलीने करायच्या नाहीत, कारण ग्रॅफाइटमुळे तिथे गंज सुरू होतो. बारीक टोकाचा मार्कर वापरा. लोखंडावर चालवलेली काणस इथे वापरायची नाही, तारेचा ब्रशही नाही. नवीन काणशीच्या दातांत आधी खडू घासा, म्हणजे अॅल्युमिनियमचा कीस अडकून बसत नाही.

शेड

साधारण आठ मीटर बाय पाच मीटर जागा आणि कोबा केलेली जमीन हवी. खळ्यातली शेड किंवा वापरात नसलेलं कापसाचं गोदाम उत्तम. दार मोजा, आणि नुसतं दार नाही, तिथून डांबरी रस्त्यापर्यंतचं प्रत्येक वळण मोजा. पंख आणि धड वेगवेगळे बाहेर निघतात, तरी शेपटीकडचं धड लांब असतं.

पत्र्याच्या छपराखाली एप्रिलमध्ये दुपारी उभं राहवत नाही. छपराला वरून पांढरा रंग आणि आतून थर्माकोलची सीलिंग, एवढं तरी कराच. गरमीचा प्रश्न आपल्या घामापुरता नाही. २.४ मीटर लांबीची अॅल्युमिनियमची शीट १८ अंशांनी तापली की जवळपास १ मिलिमीटरने वाढते. पंखाची मुख्य तुळई सावलीत आणि वरच्या पत्र्यावर दारातून ऊन, अशा अवस्थेत भोकं जुळवलीत तर संध्याकाळी पत्रा लाटा दाखवतो. म्हणून जोडायचे सगळे भाग रात्रभर एकाच शेडमध्ये ठेवा, आणि उन्हाळ्यात भोकांचं व रिव्हेटचं काम सकाळी दहाच्या आत संपवा.

कॉम्प्रेसर दोन-तीन हॉर्सपॉवरचा, शंभर लिटरच्या पुढच्या टाकीचा घ्या. शेतात शेड असेल तर मोटर सिंगल फेज घ्या, नाहीतर थ्री फेज कधी येते याची वाट पाहत बसाल. पावसाळ्यात टाकीत पाणी साचतं. ते रोज सोडा आणि पाइपवर पाणी अडवणारा फिल्टर लावा.

बाकी हत्यारांत दोन भक्कम टेबलं, वेगवान एअर ड्रिल, रिव्हेट गन, बार, दाबून रिव्हेट बसवणारा स्क्वीझर, डिंपल, म्हणजे रिव्हेटचं डोकं बसेल असा पत्र्यातला खळगा, पाडायचा सी-फ्रेम आणि क्लेको. क्लेको म्हणजे भोकात बसून पत्रे तात्पुरते आवळून धरणारी स्प्रिंगची खीळ. ती शेकड्यांनी लागते. २.४ मिमी भोकाची चंदेरी, ३.२ ची तांबड्या रंगाची. दोन्हींचे डबे वेगळे ठेवा.

भोकापासून रिव्हेटपर्यंत

दोन आसनी विमानात दहा हजारांहून जास्त रिव्हेट असतात, पण काम एकच असतं, तेच पुन्हा पुन्हा. ते हाताला नीट बसेपर्यंत विमानाच्या भागाला हात लावू नका. कंपन्या सरावाचं छोटं किट विकतात. ते दोन-तीन मागवा.

क्रम असा: भाग जोडा, क्लेको लावा, भोकं अंतिम मापाची करा, सगळं सुटं करा, बर (भोकाच्या काठावर उभी राहिलेली धार) काढा, डिंपल पाडा, प्रायमर (गंज रोखणारा रंगाचा पहिला थर) मारा, पुन्हा जोडा, मग रिव्हेट. ‘एकदा जोडलंच आहे तर मारून टाकू’ हा मोह प्रत्येकाला होतो. पण ड्रिल केल्यावर दोन पत्र्यांच्या मध्ये कीस अडकलेला असतो. तो तसाच राहिला तर पत्रे एकमेकांना टेकत नाहीत आणि रिव्हेट फटीत फुगतो.

अंतिम भोकाला नंबर ४० आणि नंबर ३० चे बिट लागतात, म्हणजे २.४९ आणि ३.२६ मिमी. हार्डवेअरच्या दुकानात ३.२ मिमीचा बिट मिळतो, पण त्याच्या भोकात रिव्हेट घासत जातो. नंबरचेच बिट मागवा. ड्रिल पत्र्याला काटकोनात धरा. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत निदान रिव्हेटच्या जाडीच्या दुप्पट अंतर राहिलंच पाहिजे.

बर काढायच्या हत्याराने हलक्या हाताने दोन-तीन फेरे द्या, बस. जोर लावलात तर भोकाला खळगा पडतो आणि पातळ पत्र्यात तिथेच पुढे तडा सुरू होऊ शकतो. बोट फिरवून पाहा. काही लागलं नाही पाहिजे. पत्र्याच्या कडांनाही हेच. कापलेली कड काणस आणि बारीक पॉलिशपेपरने गुळगुळीत करा, कारण थरथरीत तडे कडेपासूनच निघतात.

बाहेरून सपाट दिसणाऱ्या रिव्हेटचं डोकं १०० अंशांचं असतं. दुकानातला काउंटरसिंक बिट बहुधा ९० अंशांचा असतो. तो इथे चालत नाही. पातळ पत्र्याला काउंटरसिंक करायचंच नाही, डिंपल पाडायचा: नर-मादी डायमध्ये भोक धरून एक ठोस घाव. घाव कमी पडला तर डिंपलभोवती पत्रा किंचित उचललेला राहतो, आणि रंगवलेल्या पंखावर तो तिरप्या उन्हात ओळखू येतो.

आता रिव्हेट. ‘एडी’ जातीच्या रिव्हेटच्या डोक्यावर मध्यभागी छोटा खळगा असतो. तो नसेल तर तो रिव्हेट दुसऱ्याच धातूचा आहे, बाजूला ठेवा. ३.२ मिमीचा रिव्हेट पत्र्याच्या मागे साधारण ४.८ मिमी बाहेर दिसला पाहिजे, म्हणजे जाडीच्या दीडपट. बसल्यावर मागचं डोकं दीडपट रुंद आणि निम्मं उंच: ४.८ मिमी रुंद, १.६ मिमी उंच. मापायची पट्टी मिळते, पण रोज पाहून पाहून नजरच पट्टी होते.

आमच्याकडे बार धरायला भुसावळच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका येतात. गन माझ्याकडे, बार त्यांच्याकडे. मी गनचा कप रिव्हेटच्या डोक्यावर टेकवतो आणि विचारतो, “काका, धरला?” ते “हं” म्हणाल्याशिवाय ट्रिगर दाबायचा नाही. बार नसताना गन सुटली तर पत्र्यात चंद्रकोरीसारखा डाग पडतो आणि तो निघत नाही. ते बार मुठीत आवळून धरत नाहीत, तळव्याने टेकवून ठेवतात, म्हणजे तो दर ठोक्याला मोकळा उसळतो आणि परत बसतो. सुरुवातीचा आवाज कर्कश असतो, रिव्हेट पसरला की बसका होतो. तो बदलला की थांबायचं. लहान रिव्हेटला एक-दीड सेकंद पुरतो. गनचा दाब कमी ठेवून वीस सेकंद ठोकत राहिलात तर धातू कडक होतो आणि डोक्याला चिरा पडतात. तेव्हा थोडा जास्त दाब आणि थोडा वेळ बरा. रेल्वे, आयुध निर्माणी, एमआयडीसी यांच्यामुळे असे पक्क्या हाताचे फिटर आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांना सन्मानाने बोलवा. त्यांच्या एका संध्याकाळी जे शिकायला मिळतं ते व्हिडिओत मिळत नाही.

रिव्हेट वाकडा बसला तर आधी विचार करा. किंचित तिरपा पण भक्कम असेल तर राहू द्या. काढायचाच असेल तर डोक्याच्या मधल्या खळग्यात बिट टेकवून फक्त डोक्याच्या उंचीपर्यंत ड्रिल करा, पोगराने डोकं तोडा आणि दांडा मागून बारचा आधार देऊन हलकेच ठोकून काढा. घाईत भोक मोठं झालं की पुढच्या मापाचा रिव्हेट लागतो, आणि कडेचं अंतर कमी पडतं.

मोठ्या पत्र्यावर मध्यापासून कडेकडे जा. दोन्ही टोकांकडून मध्ये आलात तर शिल्लक पत्रा मध्ये गोळा होतो आणि बोटाने दाबल्यावर तेलाच्या डब्याच्या बुडासारखा ‘टक्’ वाजतो.

गल्लीतलं कुणी ना कुणी “काय करी राहिना भो?” म्हणत डोकावणारच. येऊ द्या, पण आधी चष्मा द्या, कानात बोळे द्या, आणि क्लेकोवर उभ्या असलेल्या भागाला टेकू देऊ नका. सरावाची शीट आणि चार रिव्हेट त्यांच्या हातात ठेवा.

प्रायमर आणि पावसाळा

इपॉक्सी प्रायमर कोरड्या हवेत मारा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा त्याचा काळ. भर पावसाळ्यात मारलेल्या थरावर चिकट पांढुरकी साय येते आणि पुढचा थर धरत नाही. झिंक क्रोमेट टाळा, त्यातल्या क्रोमेटने कर्करोग होतो. पावसाळ्यात सुटे पत्रे एकावर एक रचू नका. मध्ये ओल अडकली की पांढरे डाग येतात. उभे ठेवा. पत्र्यावरची निळी प्लास्टिकची फिल्मही वर्षानुवर्षं ठेवू नका, आपल्या गरमीत तिचा डिंक चिकटून बसतो आणि खाली गंज धरतो. पावसाळ्यात करायला भरपूर दुसरं काम असतं: बर काढणं, डिंपल, वायरिंगची तयारी.

शेपटी, पंख, टाकी, धड

शेपटीपासून सुरुवात करतात ती उगाच नाही. भाग लहान असतात, आणि बिघडला तर नवीन मागवताना दिवाळं निघत नाही. मग पंख, मग धड.

पंखातली इंधनटाकी हा सगळ्यात नकोसा टप्पा. प्रत्येक सांधा आणि प्रत्येक रिव्हेट पॉलिसल्फाइड सीलंटमध्ये बसवावा लागतो. काळं, चिकट, उग्र वासाचं. हातमोज्यांचा अख्खा डबा संपतो. दोन भाग वजनाने मिसळायचे असतात, अंदाजाने नाही. सोनाराचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा जळगावच्या सराफ बाजारात सहज मिळतो, तोच वापरा. सीलंटच्या डब्यावर दोन तास लिहिलेले असतात ते २५ अंशांचे. मार्चनंतरच्या दुपारी तो त्याच्या निम्म्या वेळात घट्ट होऊ लागतो. टाक्या डिसेंबर-जानेवारीतच करा, आणि एका वेळी थोडंच मिसळा.

गळती तपासताना टाकीत फक्त १ पीएसआय हवा भरतात, म्हणजे पारदर्शक नळीत सुमारे ७० सेंटिमीटर पाण्याचा स्तंभ. सांध्यांवर साबणाचं पाणी लावा आणि बुडबुडे बघा. शेड १० अंशांनी तापली की बंद टाकीतला दाब जवळपास अर्ध्या पीएसआयने वाढतो. म्हणून ही चाचणी सूर्य वर येण्याआधी घ्या, आणि भरलेली टाकी बंद करून जेवायला जाऊ नका.

कॅनॉपीच्या, म्हणजे बसायच्या जागेवरच्या पारदर्शक झाकणाच्या, बाबतीत मात्र आपला उन्हाळा वरदान आहे. अॅक्रिलिक थंडीत ड्रिल केलं की तडकतं. परदेशी लोक हीटर लावून बसतात. आपण ते काम मार्च ते मे मध्ये ठेवायचं. प्लास्टिकसाठी घासलेला खास बिट वापरा, आणि भोक स्क्रूपेक्षा मोठं ठेवा, कारण अॅक्रिलिक धातूच्या तिप्पट पसरतं.

नट-बोल्ट टॉर्क रेंचनेच. सगळ्यात लहान एएन-३ बोल्टला २० ते २५ इंच-पौंड, म्हणजे अडीच न्यूटन-मीटरच्या आसपास. ट्रॅक्टरच्या सवयीचा हात इथे बोल्ट तोडेल. घट्ट झाल्यावर नटावरून बोल्टवर रंगाची रेघ ओढा. नट सरकला की रेघ तुटलेली दिसते. फिरणाऱ्या सांध्यावर नायलॉनचा नट चालत नाही. तिथे खाचेचा नट आणि कॉटर पिन.

इंजिन आणि पेट्रोल

दोन आसनीला बहुधा १०० हॉर्सपॉवरचं रोटॅक्स ९१२ किंवा १६० चं लायकमिंग ओ-३२० लागतं. बसवणं पुस्तकाप्रमाणे होतं. अडचण इंधनाची आहे. रोटॅक्स १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालवून घेतं. आपल्या पंपांवर आता २० टक्क्यांचं पेट्रोल आहे. इथेनॉल पाणी ओढतं आणि नळ्या, सीलंट यांना त्रास देतं. म्हणून विमानाचं इंधन, म्हणजे अॅव्हगॅस, कुठून येणार आणि कशात साठवणार हे इंजिन ठरवतानाच ठरवा.

धावपट्टीवर

पंख वेगळे करून, गाद्यांवर, ट्रकमधून न्या, तेही रात्री, रस्ता रिकामा असताना. हँगरमध्ये पुन्हा जोडून तीन चाकांखाली तीन काटे ठेवून वजन घ्या आणि गुरुत्वमध्य काढा. पुस्तकातला आकडा चालत नाही, तुमच्या विमानाचाच हवा.

पहिलं उड्डाण नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटर उंच आहे, पण ४४ अंशांच्या दुपारी तिथली हवा इतकी विरळ होते की विमानाला साडेचार हजार फुटांवरून उडाल्यासारखं वाटतं. धाव लांबते, चढाई मंदावते, इंजिन तापतं. नव्या इंजिनाला आणि नव्या विमानाला ही परीक्षा पहिल्याच दिवशी नको. उड्डाण त्या प्रकारच्या विमानाचा सराव असलेल्या वैमानिकाकडे द्या. बांधणारा तोच असेल तर ठीक, नाहीतर आपण खाली उभं राहायचं. सोबत प्रवासी नको.

विमान उतरल्यावर इंजिनावरचं झाकण उघडा. तेल, पेट्रोल, एक्झॉस्ट, प्रत्येक नळीचा सांधा बॅटरी लावून बघा, बोल्टवरच्या रेघा बघा, आणि जे दिसेल ते वहीत लिहून मगच पुढच्या उड्डाणाची वेळ ठरवा.